आधी किल्ला दाखवा, मग तलवारी

किल्ल्यांमध्ये संग्रहालयं चालवणारे सर्व अभिरक्षक, संचालक आणि विश्वस्त यांना,

स.न.वि.वि.

जगातल्या कुठल्याही बड्या संग्रहालयाने हेवा करावा अशी एक वस्तू तुमच्या ताब्यात आहे. तुमच्या नोंदवहीत मात्र तिला क्रमांक नाही, तिच्यासमोर पाटी नाही आणि ऑडिओ गाईडमध्ये तिच्या वाट्याला सुरुवातीचं मिनिटभर येतं. ती वस्तू म्हणजे खुद्द किल्ला.

आम्ही तिकीट काढतो, दरवाजातून आत येतो आणि लगेच बाण दिसतो: दालन क्रमांक एक. मग तलवारी, ढाली, चिलखतं, पदकं, गणवेश घातलेले पुतळे, सेनापतींची तैलचित्रं. शेवटचं दालन संपलं की थेट बाहेर जायचा रस्ता. या वस्तूंचं महत्त्व मी नाकारत नाही. पण तलवारींचं कपाट शहरातल्या कुठल्याही इमारतीत मांडता येतं. बुरूज त्याच्या जागेवरून हलत नाही, आणि तो त्याच जागी का आहे हे फक्त तिथेच उभं राहून कळतं. एवढी एक गोष्ट सांगण्यासाठी पत्र लिहितो आहे, म्हणून थोडं लांबेल.

सुरुवात वाटेपासून करू. किल्ल्याची वाट ही त्याच्या बांधणाऱ्याने शत्रूसाठी लिहिलेली संहिता असते. चढ कुठे, वळण कुठे, दरवाजासमोर जागा किती मोकळी ठेवायची, हे सगळं ठरवून केलेलं असतं. गोमुखी बांधणीचा दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा लपवलेला असतो की समोरून तो दिसतच नाही. दिसेपर्यंत तुम्ही दोन्ही बाजूंच्या माऱ्यात आलेले असता. दरवाजासमोर एकदम काटकोनात वळण असलं की हत्तीला किंवा ओंडका घेऊन येणाऱ्या टोळीला धाव घ्यायला जागा उरत नाही. आता तुम्ही काय करता? वाहनतळ सोयीचा पडतो म्हणून मागच्या तटाला पाडलेल्या वाटेने आम्हाला आत घेता. थेट बालेकिल्ल्यात! ज्या दोनशे पावलांसाठी सगळा किल्ला रचला तीच आम्ही चालत नाही. वाहनतळ हवा तिथे असू द्या, पण ज्याचे पाय धड आहेत त्याला एकदा तरी हल्लेखोराच्या वाटेने आत येऊ द्या. वळणावर एक साधी पाटी लावा: इथे थांबा, वर बघा, किती जंग्यांमधून, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांमधून, तुम्ही दिसता ते मोजा. शाळेतली पोरं ती मोजणी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगतील. चिलखताचं वजन सांगणार नाहीत.

बुरुजांचंही तेच. गोल बुरुजाच्या थेट पायाशी एक कोपरा असा राहतो की तिथे पोहोचलेला माणूस तटावरच्या कुणालाच दिसत नाही, आणि तिथे बसून तो निवांत सुरुंग खणू शकतो. तोफा आल्यावर पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या अभियंत्यांनी बुरुजांना टोकदार कोन दिले, म्हणजे प्रत्येक बुरुजाचा पायथा शेजारच्या बुरुजावरून मारता येतो. ताऱ्याच्या आकाराचे किल्ले जगभर पसरले ते या एका भूमितीमुळे. आकाशातून फार सुंदर दिसतात म्हणून आज त्यांची ड्रोनने चित्रं काढली जातात, पण तो आकार नक्षीसाठी काढलेला नव्हता. ही गोष्ट जमिनीवर उभं राहून समजत नाही हे मान्य. त्यासाठी प्रतिकृती हवी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, 1668 पासून, सीमेवरच्या किल्ल्यांच्या 1:600 प्रमाणातल्या प्रतिकृती बनवायला सुरुवात झाली. वेढ्याची आखणी राजाला आणि सेनापतींना टेबलाभोवती उभं राहून करता यावी म्हणून. ती लष्करी गुपितं होती. आज पॅरिसमध्ये लेझ अँव्हालिद या जुन्या लष्करी इमारतीच्या पोटमाळ्यावर ती कुणालाही बघता येतात, आणि तिथे मुलं काचेला नाक लावून वेढा कुठून घालायचा यावर भांडू शकतात. तुमच्याकडे प्रतिकृती असलीच तर ती शेवटच्या दालनात, धुळीत, एखादा बुरूज मोडलेल्या अवस्थेत का असते? ती दारातच हवी.

आता तोफांविषयी. एका किल्ल्यात (नाव घेत नाही, कारण हा प्रकार एकट्या त्या किल्ल्याचा नाही) हिरवळीच्या कडेला सिमेंटच्या ओट्यांवर तोफा मांडून ठेवल्या होत्या. वर चंदेरी ऑइलपेंटचा जाड थर. पाटीवर ‘तोफ, लोखंडी’ आणि खाली लांबी. एका तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकावर, बोट फिरवलं तर भोक लागेना. निरखून पाहिलं तेव्हा रंगाखाली डोकं तोडून सपाट केलेला खिळा दिसला, घट्ट ठोकून बसवलेला. कडेने लोखंड थोडं चेपलं होतं, म्हणजे घाईत मारलेले घाव नेमके बसले नव्हते. तोफेच्या कानात खिळा कधी ठोकतात? ती आता शत्रूच्या हाती पडणार आणि उलटी आपल्यावर फिरणार हे दिसल्यावर. किंवा मग छापा घालून आलेल्यांना ती ओढून नेता येत नाही तेव्हा. दोन्हीपैकी काही का असेना, त्या खिळ्यात एका रात्रीची धांदल होती. तो किल्ला पडला कसा हे आतल्या दालनात मोठ्या फलकावर लिहिलं होतं, आणि त्या फलकापेक्षा जास्त सांगणारा खिळा बाहेर रंगाखाली गुदमरत होता. पाटी लिहिणाऱ्याच्या नजरेतून तो सुटला असेल. रंगाऱ्याच्या नजरेतून नक्की सुटला नसणार, कारण त्याने त्यावर दोनदा ब्रश फिरवला होता.

म्हणून पहिली विनंती: तुमच्या तोफा कुणीतरी जाणकाराने हाताने चाचपून पाहाव्यात. गाड्यावर बसवण्यासाठी बाजूला असलेल्या दांड्यांपैकी एखादा मुद्दाम तोडलेला आहे का, कुणाचं चिन्ह ओतलेलं आहे का, तोंडाशी तडा आहे का. आणि ती तोफ मुळात याच किल्ल्यावरची की बागेची शोभा म्हणून दुसरीकडून आणलेली, हेही पाटीवर खरं लिहा. ‘दुसरीकडून आणली’ असं लिहिल्याने कुणाची अब्रू जात नाही.

दारूकोठार, म्हणजे तोफांची दारू साठवायची खोली, हा माझा हळवा विषय आहे. किल्ल्यातली सगळ्यात हुशारीने बांधलेली खोली हीच असते, आणि सगळ्यात वाईट वापर तिचाच होतो. कोठाराच्या भिंतीतल्या झरोक्याची वाट सरळ नसते. मध्ये दगडी ठोकळा आडवा येतो आणि हवेला त्याला वळसा घालून यावं लागतं. दारू कोरडी राहायला वारा हवा, पण बाहेरची ठिणगी सरळ आत येता कामा नये, यातून निघालेली ती तोड. दारूच्या पिंपांना लोखंडाऐवजी तांब्याचे किंवा लाकडाचे पट्टे, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश किल्ल्यांत कोठारात जाण्याआधी कपडे आणि बूट बदलायची वेगळी जागा असे, आणि दिव्यासाठी भिंतीपलीकडे अरुंद बोळ. कंदील त्या बोळात ठेवायचा, उजेड जाड काचेतून आत यायचा. माणूस दारूत, ज्योत बोळात, मध्ये काच. हे सगळं दाखवायला तुम्हाला एक रिकामं पिंप, एक कंदील आणि दोन ओळी पुरतील. मी पाहिलेल्या एका कोठारात मात्र भेटवस्तूंचं दुकान होतं, आणि त्या वळणदार झरोक्याला गिरमिटाने सरळ भोक पाडून एसीचा पाइप बाहेर काढला होता.

कोठाराचं महत्त्व कळायला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला फोर्ट पुलास्की बघावा. विटांचा किल्ला, दोन मीटरहून जाड भिंती, बांधायला 18 वर्षं लागली. समुद्रापलीकडच्या बेटावरून, दीड किलोमीटरहून जास्त अंतरावरून, तोफा याला काही करू शकणार नाहीत अशी त्या काळच्या अभियंत्यांची खात्री होती. यादवी युद्धात, 10 एप्रिल 1862 रोजी, उत्तरेच्या सैन्याने नळीत आटे पाडलेल्या नव्या तोफांनी मारा सुरू केला. तीस तासांत कोपऱ्याला भगदाड पडलं आणि त्यातून आत येणारे गोळे पलीकडच्या दारूकोठारावर आदळायला लागले. किल्लेदाराने पांढरं निशाण लावलं ते या कोठारापायी. विटांच्या किल्ल्यांचा जमाना तिथे संपला. पुलास्कीच्या भिंतीत आजही गोळे रुतलेले आहेत, खड्डे तसेच आहेत. कुणी ते लिंपून टाकलेले नाहीत. तिथे शिरलेल्या माणसाला तंत्रज्ञानाचा तक्ता वाचून दाखवावा लागत नाही.

किल्ला हरतो कसा, हे सांगायला संग्रहालयं का लाजतात? ‘अभेद्य’, ‘अजिंक्य’ हे शब्द फलकांवरून काही वर्षं सुट्टीवर पाठवावेत. फ्रान्समधल्या व्हर्दांजवळचा, पहिल्या महायुद्धातला दुओमाँ किल्ला घ्या. काँक्रीट आणि मातीचे थर चढवलेला, त्या साखळीतला सर्वांत मोठा. फ्रेंच सेनापतींचा किल्ल्यांवरचा विश्वास उडाला होता म्हणून 1915 मध्ये तिथली बरीच शिबंदी आणि तोफा काढून घेतल्या गेल्या. 25 फेब्रुवारी 1916 ला जर्मन सैनिकांची एक लहानशी तुकडी चाचपडत आत शिरली तेव्हा एवढ्या मोठ्या किल्ल्यात साठही माणसं नव्हती. जवळजवळ लढाई न होताच तो पडला. परत घ्यायला ऑक्टोबर उजाडला, आणि मधल्या महिन्यांत त्या परिसरात किती माणसं गेली याचा हिशेब आजही अंगावर येतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आतमध्ये स्फोट होऊन शेकडो जर्मन सैनिक मेले. त्यांतल्या सहाशेहून अधिकांना आतल्याच बोगद्यात ठेवून भिंत घातली. ती भिंत आज तिथे आहे, त्यामागे माणसं आहेत, आणि प्रेक्षक आपोआप टोपी काढतो.

हेलसिंकीसमोरचा सुओमेनलिन्ना घ्या. स्वीडनने 1748 पासून बेटांवर उभारलेला हा सागरी किल्ला 1808 मध्ये रशियनांच्या हवाली झाला तो भिंत पडून नव्हे, किल्लेदाराने बोलणी करून दिला म्हणून. का दिला यावर आजही वाद आहेत. भिंतींपेक्षा माणूस आधी फुटतो हे आपल्याकडच्या जुन्या कारभाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी ठेवले जात, कुणाच्याही एकट्याच्या हातात सगळी सत्ता राहू नये आणि कुणी एकट्याने गड शत्रूला देऊ नये म्हणून. ही व्यवस्था तटबंदीचाच भाग आहे, फक्त ती दगडाची नाही. किती किल्ल्यांवरच्या संग्रहालयांत असा फलक आहे? किल्ल्या कुणाकडे असत, दरवाजा कुणाच्या हुकमाने उघडे, रात्री गस्त कशी फिरे, हे विचारलं तर गाईड भुयाराकडे वळतो.

भुयाराचं तर विचारूच नका. एकूण एक किल्ल्याला एक भुयार असतं, ते दूरच्या दुसऱ्या किल्ल्यात निघतं, आत खजिना असतो आणि सरकारने ते बंद केलेलं असतं. गाईडला मी दोष देत नाही. दिवसभर उन्हात बोलून माणसं धरून ठेवायची त्याला सक्ती आहे. पण दंतकथेला खरी गोष्ट पुरून उरते, ती फक्त त्याच्या हातात द्यावी लागते. सिंगापूरच्या किनारी तोफांची कथा बघा. ‘तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, जपानी मागून जमिनीवरून आले, म्हणून 1942 मध्ये शहर पडलं’ असं जगभर सांगितलं जातं. प्रत्यक्षात बऱ्याच तोफा जमिनीकडे वळवता येत होत्या आणि त्यांनी गोळेही डागले. पण साठा मुख्यतः जहाजांचं पोलाद भेदणाऱ्या गोळ्यांचा होता, पसरलेल्या पायदळावर त्यांचा उपयोग थोडाच. खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त बोचरी आहे, कारण तिच्यात मूर्खपणा कमी आणि नियोजनाचं गृहीतक जास्त आहे.

शिवाय किल्ल्याचं लष्करी आयुष्य संपलं म्हणजे त्याचं काम संपलं, असं फार क्वचित होतं. जाड भिंती आणि एक दरवाजा असलेली इमारत दिसली की राज्यकर्त्यांना तुरुंग सुचतो. केनियात मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 मध्ये बांधला. पुढे ओमानी अरबांनी 1696 पासून जवळजवळ तीन वर्षं वेढा घातला, आणि आतली बहुतेक माणसं गोळ्यांपेक्षा रोगराईनेच गेली. त्यानंतर ब्रिटिशांच्या काळात 1958 पर्यंत तो तुरुंग होता. बेल्जियमचा ब्रेंडॉंक किल्ला पहिल्या महायुद्धाआधी अँटवर्पच्या रक्षणासाठी बांधला; 1940 नंतर नाझींनी तिथे छळछावणी चालवली आणि 1947 पासून तो राष्ट्रीय स्मारक आहे. घानातला एल्मिना, 1482 चा, तर व्यापाऱ्यांचाच किल्ला, आणि व्यापार आधी सोन्याचा, मग माणसांचा. तिथे गुलाम बायकांना ज्या चौकात उभं करत त्याच्या वरच गव्हर्नरचा सज्जा आहे. तो सज्जा दाखवताना तिथली माणसं आवाज चढवत नाहीत, विशेषणं वापरत नाहीत. सज्जा आणि चौक, दोन्ही एका नजरेत दिसतात.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या किल्ल्यात अशी एखादी कोठडी आहे. बहुतेक ठिकाणी तिला कुलूप असतं, किंवा ती ‘दुरुस्तीसाठी बंद’ असते. ज्या दोनशे वर्षांचा अभिमान वाटतो त्यांना सहा दालनं आणि नंतरच्या पन्नास वर्षांना एक कुलूप, हे प्रमाण बरं दिसत नाही.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे. सिमेंट वापरू नका, ही विनंती तुमच्या ठेकेदारांपर्यंत पोहोचवा. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल शोषतो आणि परत हवेत सोडतो. वरून सिमेंटचे सांधे भरले की ओल आत अडकते, क्षार दगडातून बाहेर पडायची वाट शोधतात आणि सांधा शाबूत राहून दगडच पोपड्यासारखा सुटतो. दहा वर्षांनी दिसायला भिंत अशी होते की जाळी पक्की आणि मधले चौकोन पोकळ. चुन्याचं काम करणारे गवंडी कमी उरलेत, काम हळू होतं, निविदेच्या मुदतीत बसत नाही, हे सगळं मला कळतं. मग एका वर्षी एकच बुरूज करा.

पुनर्बांधणीला माझा सरसकट विरोध नाही. कॅनडातला लुईबर्ग हा उद्ध्वस्त झालेला फ्रेंच तटबंदीचा गाव 1960 च्या दशकात सरकारने पुन्हा उभारायला घेतला, खाणी बंद पडून बेकार झालेल्या कोळसा कामगारांना दगडकाम शिकवून. पण त्यांनी उभारला तो साधारण चौथा भाग. बाकीचं गाव जोत्यांच्या रूपात तसंच ठेवलं आहे, त्यामुळे नवं काय आणि जुनं काय यात गल्लत होत नाही.

अंधाराचंही तसंच. प्रत्येक कोपऱ्यात रंगीत दिवे लावायचा सोस आवरा. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे खडकातून वर जाणारी काळोखी वाट, ही अंधारासाठीच खोदलेली आहे. तिची सगळी मारकशक्ती त्या अंधारात आणि त्यातल्या वळणांत आहे. अशा जागी पायाखाली मंद पट्टी आणि हाताला कठडा पुरे.

ज्यांना चढता येत नाही त्यांच्याबद्दल थोडक्यात. किल्ला माणसांना अडवायलाच बांधलेला, तेव्हा तो चाकाच्या खुर्चीला सोयीचा नसणारच. म्हणून प्रत्येक कड्याला लिफ्ट चिकटवा असं मी म्हणणार नाही. पण खाली, दरवाजाजवळ, ती प्रतिकृती आणि वरून दिसणाऱ्या दृश्याची चांगली चित्रफीत असली तर कुणी नुसतं बाकावर बसून नातेवाइकांची वाट बघत राहणार नाही.

आणि जगणं. पाणी कुठून यायचं, टाकी किती दिवस पुरायची, शौचकूप कुठे होते, धान्याला कीड लागू नये म्हणून काय करत, आजारी शिपायाला कुठे ठेवत, बायका-मुलं होती की नव्हती. संग्रहालयांतले फलक वाचले तर वाटतं की किल्ल्यात फक्त सेनापती राहायचे आणि ते रोज लढायचे. बहुतेक शिपायांनी बहुतेक दिवस पहारा दिला आणि कंटाळा केला. त्या कंटाळ्याच्या खुणा तुमच्याकडे आहेत: पहाऱ्याच्या जागी दगडावर कोरलेले सारीपाटासारखे पट, कुणाची आद्याक्षरं, कोठडीत मोजलेल्या दिवसांच्या रेघा. आजचे प्रेक्षक त्यांच्या शेजारीच बदाम कोरतात हा आमचा नालायकपणा आहे, त्याला दंड करा. पण भिंत ‘स्वच्छ’ करताना दोन्ही एकाच ब्रशने घासली जाऊ नयेत, म्हणून आधी जुन्या खुणांचे फोटो काढून नोंद करा.

पैशांचं मला माहीत आहे. तिकिटाच्या उत्पन्नात गवत कापणंही भागत नाही आणि नवं दालन उघडलं तरच वरून निधी आणि फीत कापायला पाहुणे मिळतात. जुन्या झरोक्याची पाटी बदलली म्हणून कुणी फीत कापायला येत नाही. तरीही पुढच्या आराखड्यात एक नवं दालन पुढे ढकलून बघा. त्या खर्चाच्या छोट्याशा भागात आधी हे करा: दरवाजापासून बालेकिल्ल्यापर्यंतच्या वाटेवर दहा पाट्या, दारात प्रतिकृती, दारूकोठार मोकळं, कोठडीचं कुलूप काढलेलं. पाट्यांचा मजकूर ठरवताना खोलीत बसू नका. एक गवंडी, एक निवृत्त तोफची, तुमचा सगळ्यात जुना पहारेकरी आणि पाचवी-सहावीतली चार मुलं घेऊन ती वाट चाला, आणि मुलं जिथे ‘हे असं का?’ म्हणून थांबतील तिथे पाटी रोवा.

आणि त्या तोफांवरचा चंदेरी रंग पावसाळ्याआधी उतरवून घ्या. लोखंड कसं जपायचं हे सांगणारे संवर्धक मिळतात. रंगाऱ्याला फक्त कठड्याचं काम द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
तिकीट काढून येणारा एक प्रेक्षक